उचंत

“काका, उचंतला 360 रुपये दिसतायत. कुणाचे?”

31 मार्च 2025. रविवारी गुढीपाडवा झाला होता, सोमवारी ईद आली होती, त्यामुळे सांगलीचं मार्केट यार्ड दोन दिवस निपचित पडलं होतं. सौदे नाहीत, गाड्या नाहीत, पोत्यावर पोतं आदळल्याचा आवाज नाही. हमालांच्या टोळीतल्या एकानं सकाळीच शीरखुर्म्याचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला होता आणि “आज शेवटचा दिवस नव्हं तुमचा?” म्हणत दारात जरा घुटमळून तो गेला होता. माझ्या जागी येणारा मुलगा पडद्यावर तेरीज वाचत होता. मोठमोठ्या आकड्यांवरून त्याची नजर सरसर खाली आली आणि या 360 वर येऊन अडकली. पोरगं कामाचं आहे हे मला तेव्हाच पटलं. मोठा आकडा कुणालाही दिसतो.

“थांब, सांगतो,” म्हणालो आणि डबा उघडला.

आमची पेढी हळदीच्या अडतीची. शेतकरी माल आणतो, सौद्यात तो व्यापाऱ्याला जातो, आणि मध्ये आम्ही. शेतकऱ्याला हिशोबपट्टी करून पैसे द्यायचे, व्यापाऱ्याकडून त्याच्या सवडीनं वसूल करायचे. पट्टीवर वर वजन आणि दर, खाली अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी नेलेली उचल, आणि हे सगळं वजा जाऊन तळाशी उरलेली रक्कम. हा कागद मी नोकरीच्या फार आधी वाचायला शिकलो. आमचं गाव पलूसकडचं, घरची थोडी हळद. वडील माल घेऊन सांगलीला यायचे तेव्हा पाचवी-सहावीतल्या मला सोबत आणायचे, कारण पट्टी वाचायला कुणीतरी हवं. मी मोठ्यानं वाचायचो, ते मान हलवायचे. नोटा मात्र त्यांनी पेढीवर कधी मोजल्या नाहीत. तशाच बंडीच्या आतल्या खिशात. एकदा विचारलं तर म्हणाले, “समोर मोजायचं नसतं रे. माणसाला वाईट वाटतं.” एसटीनं नांद्रे मागं टाकलं की त्यांचा हात बंडीत जायचा आणि आतल्या आत अंगठा हलायला लागायचा. ओठ बंद, नजर खिडकीबाहेर. मोजून झालं की हात बाहेर यायचा. पैसे बरोबर आहेत की नाहीत हे त्यांच्या तोंडावर कधी दिसलं नाही.

जून 1984 मध्ये मी बी.कॉम. होऊन पेढीवर लागलो. पगार 425 रुपये. कॉलेजात शिकलो होतो की खात्यात नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. इथं लाल कापडी बांधणीची लांबुडकी वही उघडली तर जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. रकाने छापलेले नाहीत, कागदाला घड्या घालून पाडलेले. पहिले पंधरा दिवस मी आरशात बघून दाढी करणाऱ्या माणसासारखा लिहीत होतो. हसायला दिवाणजी होते. साठी उलटलेले, गादीवर उतरतं डेस्क मांडीशी घेऊन बसणारे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. बेरीज करताना पेन वरून खाली एकदाच घसरायचं आणि खाली उत्तर तयार. आम्ही कॅल्क्युलेटरवर पडताळायचो ते केवळ त्यांना चिडवायला.

उचंत हा शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. पैसे हातात आलेत, पण कुणाच्या नावावर जमा करायचे ते कळलेलं नाही, अशा पैशानं तोवर थांबायची जागा म्हणजे उचंत. कुणीतरी बँकेत भरणा केला आणि चलनावरचं नाव लागत नाही, तर उचंत. ड्रायव्हरनं पाकीट टेकवलं आणि कुणाचं ते न सांगताच गाडी पुढं नेली, तर उचंत. कॉलेजात यालाच सस्पेन्स अकाउंट म्हणायचे, त्याला रहस्यकथेचा वास येतो. उचंत म्हटलं की मला उचललेला, अजून जमिनीला न टेकलेला पाय दिसतो. दिवाणजी म्हणायचे, “उचंत ही धर्मशाळा. तिथं संसार थाटायचा नाही.” वर्ष संपायच्या आत तिथली प्रत्येक रक्कम आपल्या घरी गेली पाहिजे. सगळे असं करतात असं नाही. बाजारात अशा पेढ्या मी पाहिल्यात की त्यांचं निम्मं घर उचंतातून चालायचं. मुलीच्या लग्नाचा खर्च उचंत, गावाकडची विहीर उचंत, आणि वर्षअखेरीला दिवाणजीचं डोकं उचंत.

आमच्या दिवाणजींचा रोख शिलकेचा नियम एका श्वासात संपायचा: कमी आली तर आपली, जास्त आली तर परक्याची. कमी पडलेले दोन-पाच रुपये ते स्वतःच्या खिशातून पेटीत टाकायचे. जास्त आली की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. मला हे उलटं वाटायचं. ते सांगायचे की 1 एप्रिल 1957 ला आणे गेले, नवे पैसे आले, तेव्हा चार आण्यांचे 25 नवे पैसे सरळ व्हायचे, पण एका आण्याला 6, दोनाला 12 आणि तिनाला 19 धरायचे. खतावणीतली प्रत्येक जुनी बाकी अशी बदलून घेताना कुठं चिमूटभर जास्त, कुठं चिमूटभर कमी. त्या किडूकमिडुकाची बेरीज करत ते आठवडाभर पेढीवर झोपले होते. शेवटी काही पैसे जास्तच आले. “कुणाकुणाचे पाव-पाव पैसे होते ते,” म्हणायचे, “परत कसे द्यायचे सांग.”

एप्रिल 1985. हळदीचा भर हंगाम. रोकड सांभाळणारा पुतण्याच्या लग्नाला गेलेला, म्हणून त्या दिवशी पट्ट्याही मीच केल्या आणि पैसेही मीच वाटले. संध्याकाळी पेटी मोजली. शिल्लक 360 रुपयांनी जास्त.

पुन्हा मोजली. पुन्हा 360.

दिवाणजींनी वही बंद करायला घेतली होती, ती पुन्हा उघडली. “नवानं भाग जातो का बघ.” गेला, 40 वेळा. फरकाला नवानं नि:शेष भाग गेला की बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. हे पुस्तकातही होतं, पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि रात्री साडेनवाला पेटीसमोर बसून करणं वेगळं. शेकडा आणि दशक यांची जागा बदलली असेल आणि फरक 360 असेल, तर त्या दोन आकड्यांत 4 चं अंतर हवं. त्या दिवशीच्या साठ-सत्तर पट्ट्यांतून असे तीनच सापडले: 2,731, 1,951 आणि 840. म्हणजे मी कुणाला तरी 2,731 ऐवजी 2,371 दिले होते, किंवा 1,951 ऐवजी 1,591, किंवा 840 ऐवजी 480. जो कुणी होता तो माझ्यासमोर मोजायला लाजला होता आणि आता कुठल्या तरी एसटीत बसून बंडीत अंगठा हलवत होता.

त्या रात्री मी जेवलो नाही. कर्तव्यबुद्धी वगैरे काही नाही, भीती. 360 म्हणजे माझा जवळजवळ महिन्याचा पगार.

पहिला कडेगावकडचा, दुसरा वाळवा तालुक्यातला. दोघंही पेढीचे नेहमीचे. आठवड्याभरात निरोप आले, पैसे बरोबर पोचलेत. उरला 840 वाला. अथणीच्या बाजूचा म्हातारा, कानडी बोलणारा, थोडासा माल घेऊन पहिल्यांदाच आमच्या दारात आलेला. सांगलीला कर्नाटकातली हळद नेहमीच येते, त्यामुळे हमालांतल्या एकाला कानडी लिहिता यायचं. आण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्याच्याकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं. उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात म्हातारा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पैसे त्याच्या नावावर टाकावेत तर पुरावा नाही. नुसत्या संशयावर कुणाचं खातं उघडत नाहीत. मग दिवाणजींनी लिहिलं: उचंत खाते जमा 360, आणि शेजारी बारीक अक्षरात त्या तीन पट्ट्यांचे नंबर.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. मिरजेहून अथणी काही लांब नाही. तिथं गाडी बदलून पुढं त्याचं गाव. सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी घरी आलो असतो. पोस्टकार्डाला उत्तर आलं नाही तेव्हा दिवाणजी एकदा म्हणाले, “जाऊन ये की.” मी हो म्हणालो. हंगाम संपल्यावर जातो म्हणालो, मग पाऊस उघडल्यावर. गेलो नाही. गेलो असतो आणि म्हाताऱ्यानं “हो, कमीच होते” म्हटलं असतं, तर चूक माझी ठरली असती. गेलो नाही तोवर ती नुसती शक्यता होती. उचंत खात्याची खरी सोय ही आहे आणि ती मला वयाच्या बाविसाव्या वर्षी सापडली.

दर वर्षी खाती बंद करताना दिवाणजी ती ओळ नव्या वहीत ओढायचे, पट्ट्यांच्या नंबरांसकट. 1984-85 पासूनच 40 लाखांवर उलाढाल असलेल्यांना कर-लेखापरीक्षण सक्तीचं झालं होतं, आणि अडत्यांची तारांबळ उडाली होती: दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्याची उलाढाल मोजायची कशी? मार्च 1986 मध्ये दिल्लीहून परिपत्रक आलं की कच्च्या अडत्यानं शेतकऱ्याच्या वतीनं विकलेला माल ही अडत्याची उलाढाल नाही. आण्णांना ते परिपत्रक इतकं आवडलं की आल्यागेल्याला वाचून दाखवायचे. “बघा, सरकारलासुद्धा कळतंय. आपल्या दारात विकला म्हणून माल आपला होत नाही.” पुढं ऑडिटर म्हणू लागले की हे 360 कशाला ओढताय, तीन वर्षांची मुदत केव्हाच गेली, किरकोळ उत्पन्नात घेऊन टाका. आण्णा म्हणाले, “उत्पन्न? आम्ही काय केलं ते मिळवायला?” विषय संपला. दर वर्षी नव्यानं निघायचा, दर वर्षी तिथंच संपायचा.

मग ते लांबलचक वर्ष आलं. तोवर आमची वही दिवाळीला बदलायची. लक्ष्मीपूजनाला जुनी बंद, पाडव्याला नवी चालू. आयकराच्या कायद्यानं सगळ्यांना एकच वर्ष लावलं, 1 एप्रिल ते 31 मार्च, आणि त्या सांध्यात आमचं एक वर्ष 17 महिन्यांचं झालं: ऑक्टोबर 1987 च्या दिवाळीपासून 31 मार्च 1989 पर्यंत. 1988 च्या दिवाळीला पहिल्यांदाच बंद करायला वही नव्हती. दिवाणजींनी तरी पूजेला कोरी वही ठेवली, ‘श्री’ काढला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ती कपाटात ठेवून अर्धवट जुनीच पुढं लिहायला घेतली. मार्चअखेरीला बाकी ओढताना ते म्हणाले, “उन्हाळ्यात कसली रे वही बंद करायची. घाम पडतो कागदावर.” दोन वर्षांनी ते थांबले. वहीपूजन आजही दिवाळीला होतं. हल्ली लॅपटॉपवर फूल ठेवतात आणि कुंकू कीबोर्डात जाऊ नये म्हणून कागद घालतात.

दिवाणजी गेल्यावर ती ओळ मी ओढू लागलो. कुठल्याही वर्षी सोडली नाही. त्याचं मला काय कौतुक वाटायचं! बघा, किती चोख. अथणीची गाडी मिरज स्टँडवरून रोज सुटत होती.

1999 साली संगणक आला. आमच्याकडं टॅली बसवायला आलेल्या मुलानं दोन दिवसांत सगळ्या आरंभीच्या शिलका भरल्या. उचंत: 360.00 जमा. मी म्हटलं, पट्ट्यांचे नंबर कुठं गेले? तो म्हणाला, “शिलकेला नॅरेशन नसतं साहेब, फक्त आकडा येतो.” हेही तेव्हाच लक्षात आलं की दिवाणजीचा मी ‘साहेब’ झालो होतो. वहीत चूक झाली तर लाल रेघ मारून शेजारी सही करायची, खालचं वाचता आलं पाहिजे. इथं दोन बटणं दाबली की नोंदच नाही. आता 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर सक्तीचं केलंय की प्रत्येक बदलाचा माग राहतो. लाल रेघ फिरून आली म्हणायची. बाकी व्हॅट, नोटाबंदी, जीएसटी यांवर मी चार पानं लिहू शकतो, पण ज्यांनी ते भोगलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांना खरं वाटणार नाही.

जुन्या वह्या गणपती पेठेतल्या जुन्या जागेत होत्या. नदी जवळ. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली. जमिनीत खोल खणलेली ही कोठारं, ज्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, तोंड उघडल्यावर काही तास हवा भरू दिल्याशिवाय ज्यांत माणूस उतरायचा नाही. त्या वेळी आमच्या वह्या वरच्या फळ्यांवर होत्या म्हणून वाचल्या. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा वरची फळी आणि खालची फळी असा भेद उरला नाही. पाणी ओसरल्यावर दार ढकलून आत गेलो तर वह्यांचा लगदा, लाल कापडाचा रंग भिंतीला लागलेला, आणि सगळ्यावर चिखलाचा वास. मी 84-85 ची वही शोधली. हाताला आला तो लाल गोळा. पिळला तर पाणी निघालं.

खरं सांगू, पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. मग त्याची लाज वाटली.

आणि 2021 मध्ये, याच मुलाला नवाची युक्ती शिकवत असताना, माझ्या तोंडून सहज गेलं, “नवानं भाग गेला म्हणजे आकडे उलटलेत, नाहीतर शून्य सरकलंय.” बोललो आणि थांबलो. शून्य सरकणं. 400 च्या जागी 40. फरक 360. त्या रात्री आम्ही फक्त उलटलेले आकडे शोधले होते. एखादा किरकोळ खर्च मी 40 रुपये दिला असेन आणि रोजमेळात 400 लिहिला असेन, तर पेटीत 360 जास्तच येणार, आणि मग कुणीच कमी पैसे घेऊन घरी गेलेलं नाही. म्हातारा नाही, कुणी नाही. किंवा कुणी उचलीचे 400 परत केले असतील आणि मी 40 जमा केले असतील. मग बुडालेला माणूस ते तिघं सोडून चौथाच. तपासायला रोजमेळ हवा. रोजमेळ मी स्वतःच्या हातानं पिळला होता. 36 वर्षं एका म्हाताऱ्याचं ओझं मी वाहत होतो, आणि ते त्याचं होतं की नव्हतं हे विचारायला आता कागदही नव्हता, बहुधा म्हातारा तर नव्हताच.

घरी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, “मग तेव्हाच जाऊन आला असतात तर?” आणि मळत राहिली.

गेल्या आठवड्यात निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, घड्याळ. आण्णा आता नाहीत. दादांनी, त्यांच्या मुलानं, मनापासून भाषण केलं. बाकीच्यांनी ‘आयुष्याचा ताळेबंद’ काढला. हिशोबनिसाच्या निरोपाला ही उपमा टाळता येत नाही असं दिसतं. तिघांनी वापरली, एकानं दोनदा. ताळेबंद म्हणजे एका दिवसाचा फोटो असतो आणि तो काढायच्या आधी सगळे केस विंचरून बसतात, हे मी बोललो नाही. नारळ हातात असताना माणूस फार बोलू शकत नाही.

डबा संपत आला होता. मुलगा ऐकत होता, त्याचा हात माऊसवर तसाच.

“मग काय करू काका? दादा म्हणत होते, जुन्या बारीक बाक्या राइट ऑफ करून टाका.”

“ही ठेव.”

“ठेवतो. पण पुढं मला कुणी विचारलं तर?” थोडा विचार करून म्हणाला, “असं करू. जर्नल पाडून नव्या खात्यात घेऊ. म्हणजे नॅरेशन टाकता येईल. सांगा तुम्ही, मी टाइप करतो.”

26 वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सांगत गेलो, तो रोमन अक्षरांत मराठी बडवत गेला. एप्रिल 1985. रोख शिल्लक जास्त. पट्ट्या तीन, रकमा 2,731, 1,951, 840. पहिल्या दोन बरोबर. तिसऱ्याला विचारलं नाही. शून्य सरकल्याची शक्यता तपासली नाही. कागद 2019 च्या पुरात गेले.

तो थांबला. “काका, ‘विचारलं नाही’ असं टाकू? का ‘संपर्क होऊ शकला नाही’?”

“विचारलं नाही.”

त्यानं टाकलं, वाचून दाखवलं, एंटर मारला. मी उठलो, डबा मागच्या नळावर धुतला, पुसला. डबा रिकामा परत करायचा नसतो. दारावर कालची गुढीची साखरगाठी लोंबत होती, तिच्यातले चार तुकडे मोडून आत टाकले आणि झाकण लावलं.